कोपऱ्यातलं गवत

खट्.

टेपची पट्टी डबीत परत गेली आणि नुकताच डोळा लागलेला ईशान दचकून दोन्ही हात वर फेकत रडायला लागला. पाऊण तास मांडीवर थोपटून यशश्रीने त्याला झोपवलं होतं. दुपारचं घर इतकं गप्प होतं की फ्रिजसुद्धा घरघरायचा थांबला होता. त्यात ते एवढंसं खट्.

"अण्णा, जरा हळू हो," ती खिडकीतून दबक्या आवाजात म्हणाली.

मागच्या दारी तिचे सासरे, भगवंतराव, ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. पाच मीटरची टेप लांबवायची, काडी रोवायची, पुन्हा पुढे लांबवायची, असं त्यांचं तासभर चाललं होतं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला फोरमन. मोजल्याशिवाय त्यांनी आयुष्यात खिळासुद्धा ठोकला नव्हता.

"छत्तीस मीटर," ते उठत म्हणाले. "प्लगपासून त्या पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत. गवत कापायच्या मशीनची वायर दहा, आपली रीळ वीस. सहा कमी पडतात."

"मग?"

"मग जोडायची. त्यात काय."

आनेकलच्या अलीकडे, जिथे सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत नाचणी उभी असायची, तिथल्या नव्या ले-आउटमध्ये त्यांचं हे दहा गुंठ्यांचं आवार. घर पुढे, मागे सगळं मोकळं. बी पेरायची गरज नव्हती. यंदाच्या पावसात गवत आपोआप यशश्रीच्या कंबरेला लागलं होतं. गेल्या आठवड्यात शेजारच्या उमाकांतांनी कुंपणापाशी घोणस पाहिली, आणि दुसऱ्याच दिवशी ले-आउटच्या कमिटीची चिठ्ठी आली: महिनाअखेर गवत गुडघ्याखाली आणा, नाहीतर आमची माणसं येऊन सगळं साफ करतील. पाच वर्षांची आर्या त्याच गवतात चेंडू शोधत फिरायची. ती चिठ्ठी वाचल्यापासून यशश्री मागच्या दाराला कडी लावून बसायची.

तोवर हे गवत गौरम्माचं होतं. जमीन विकली तिच्या दिरांनी. तिला विचारलं कुणी नव्हतं. पण मागच्या तारेतल्या फटीतून ती रोज सकाळी यायची, दोन गाईंपुरता भारा कापायची, पायरीवर अर्धा लिटर दूध ठेवायची. असं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, चालत आलं होतं. साठीची बाई, डावा गुडघा धरलेला, अंगाने काटक.

ईशान तीन आठवड्यांचा होता तेव्हा यशश्रीच्या बाबांना पडून लागलं, म्हणून आई नागपूरला परत गेली. सासूबाई चार वर्षांपूर्वीच गेलेल्या. नवरा, क्षितिज, आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात. त्या सकाळी टबाशी बसून, तेलाने बुळबुळीत झालेलं ते पिल्लू हातातून निसटेल या भीतीने यशश्री मुळूमुळू रडत होती. गौरम्माने विळा भिंतीला टेकवला, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पाय पसरून जमिनीवर बसली आणि नुसते हात पुढे केले. यशश्रीला तेव्हा कानडीतले चार शब्द येत नव्हते. तिने बाळ दिलं. गौरम्माने त्याला नडग्यांवर पालथं घेतलं, पाठीवरून कढत पाण्याचा हात फिरवला, आणि ईशानने पहिल्यांदा अंघोळीत जांभई दिली.

त्यानंतर साडेतीन महिन्यांत एक सकाळ चुकली नव्हती.

म्हणून त्या दिवशी भगवंतरावांनी तिला कानडीत मशीनचं सांगितलं तेव्हा यशश्री दारात येऊन उभी राहिली.

गौरम्मा ऐकून घेऊन म्हणाली, "मशीन आलं तर मी येऊ की नको?"

"विचारतेय, मशीन आल्यावर येऊ की नको," भगवंतरावांनी मराठी केलं.

"अहो, म्हणजे काय? बाळासाठी यायलाच पाहिजे. आपण पगार ठरवू या, सांगा तिला."

ते सांगितल्यावर गौरम्माने तोंड फिरवलं. "पगार बेडा," म्हणजे नको, एवढं यशश्रीलाही कळलं. पुढचं भगवंतराव सांगत गेले. "म्हणते, गवताला येते तेव्हा माझी मी येते. हे आमचं शेत होतं. पगाराला आले की तुमच्याकडे आले असं होईल. गावात म्हणतील, गौरम्मा स्वतःच्या शेतात मोलकरीण झाली."

गौरम्मानेच भारा डोक्यावर घेताना वाट काढली. मागच्या कोपऱ्याकडे हनुवटी करून म्हणाली, "तेवढा कोपरा मला ठेवा. बाकी मशीनने काय ते करा. त्या कोपऱ्याला मी येत जाईन."

"सरी," यशश्री घाईने कानडीत होकार देत म्हणाली. "सरी, सरी."

ती गेल्यावर भगवंतराव हसले. "हुशार आहे बाई. सगळ्यात हिरवंगार तिथेच आहे."

*

पहिला मान बॅटरीच्या यंत्राला मिळाला, कारण ते फुकट होतं. उमाकांत एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. पांढऱ्या बुटांत, डोळ्यांना गॉगल लावून, खांद्यावर आपलं यंत्र घेऊन रविवारी सकाळी ते आले.

"आवाज ऐका, भगवंतराव. म्हणजे, ऐकू येतोय का बघा," ते म्हणाले. "धूर नाही, वास नाही. बाळ आत झोपू दे खुशाल."

खरंच, पंखा लावल्यासारखी नुसती झुळझुळ. दाराजवळचं कोवळं गवत धुरळ्यासारखं उडालं. आर्याने टाळ्या पिटल्या. क्षितिज फोनवर शूटिंग करत होता. पण पुढे ओलं, जाड देठांचं रान लागलं आणि यंत्राची मान वळेना. पात्याच्या जागी असलेली नायलॉनची दोरी देठांत गुंडाळून बसायला लागली. उमाकांत थांबायचे, गवत उपसायचे, पुन्हा चालू करायचे. बावीस मिनिटांनी आवाराच्या मधोमध हिरवा दिवा लाल झाला आणि झुळझुळ बंद पडली.

"चार्जिंगला दोन तास," उमाकांत गॉगल पुसत म्हणाले.

"म्हणजे दुपारच्या जेवणानंतर दुसरं सत्र," भगवंतराव म्हणाले. "आणि संध्याकाळी तिसरं. छान आहे. नाटकासारखं."

तारेपाशी गौरम्मा पदर तोंडाला लावून हसत होती. तिने उडालेल्या गवताची मूठ उचलून हुंगली, बोटांनी चिवडली, आणि त्यातून नायलॉनच्या दोरीचा नखाएवढा तुकडा काढून भगवंतरावांच्या तळव्यावर ठेवला. "हे गाईच्या पोटात गेलं म्हणजे?" मग विळा घेऊन ती आपल्या कोपऱ्याकडे गेली. यशश्रीने त्या दिवशी पाहिलं: गौरम्मा बाकी सगळीकडे सपासप कापत जायची, पण कोपऱ्यात पोचली की उकिडवी बसायची आणि हाताने एकेक जुडी धरून, हळू, कुणाचे केस कापावेत तशी कापायची. गुडघा दुखतो म्हणून असेल, असं यशश्रीला वाटलं.

दुसरी पाळी वायरची. पीण्यातल्या जुन्या दोस्ताकडून भगवंतरावांनी यंत्र मागून आणलं. सहा मीटरचा तुकडा जोडून सांध्यावर काळी टेप चार वेढे गुंडाळली, वर प्लास्टिकची पिशवी बांधली. "चौतीस वर्षं हेच केलंय मी," ते म्हणाले. यंत्र जोरकस होतं; बॅटरीवाल्याला न जमलेली देठं ते भसाभस पाडत गेलं. अर्ध्या तासात निम्मं आवार उघडं पडलं. यशश्री ईशानला कडेवर घेऊन पायरीवर उभी होती आणि मनातून खूश होती.

आर्याला वायरीची गंमत सापडली होती. आजोबा पुढे सरकले की वायर सापासारखी वळवळायची. ती अनवाणी, या अंगाहून त्या अंगाला उड्या मारत होती.

"आर्या, मागे ये."

"एकच उडी."

भगवंतराव एक पाऊल मागे आले. यंत्राचं तोंड वळलं. नुसतं ठप्प झालं, आणि आतला पंखा, फ्रिज, नळावरचा पंप, सगळं एकदम गप्प. यंत्राने आपलीच वायर तोडली होती. तांब्याची उघडी टोकं ओल्या गवतात पडली होती, आर्याच्या पावलापासून दोन वितींवर.

ईशानची मांडी यशश्रीने इतकी घट्ट दाबली होती की तिथे नंतर संध्याकाळपर्यंत बोटं दिसत होती.

"ब्रेकर पडलाय," भगवंतराव म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "मी नवाच बसवलाय तो. काही झालं नसतं."

"अण्णा, हे यंत्र आज परत द्या," यशश्री म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. "या घरात वायर नको."

जेवताना क्षितिजने फोन पुढे केला. "दोन बॅटऱ्यांचं मॉडेल आहे हे. सिरियसली, एक संपली की दुसरी. हळूहळू होईल, पण सेफ आहे."

"हळूहळू म्हणजे आज पाव, उद्या पाव. ती घोणस काय तुझ्या चार्जिंगची वाट बघत बसणार आहे? आणि पहिलं टोक कापेतो मागचं वाढणार. मी नाही अजून महिनाभर दाराला कडी लावून बसणार. पेट्रोलचंच आणा. धूर होऊ दे, आवाज होऊ दे, मी मुलांना घेऊन पुढच्या खोलीत बसेन. एकदा सगळं साफ तरी होईल."

इतकं सलग ती त्या घरात कधी बोलली नव्हती. भगवंतरावांनी भाताचा घास तसाच धरून ठेवला होता.

"यशश्री म्हणते ते बरोबर आहे," ते म्हणाले.

एस. पी. रोडवरच्या दुकानदाराने विचारलं, लॉन आहे की शेत? "शेतच म्हणा," भगवंतराव म्हणाले, आणि लोखंडी पात्याचं, खांद्यावर पट्ट्याने अडकवायचं पेट्रोलचं यंत्र घेऊन आले. पात्याला दोरीची भानगड नव्हती, म्हणजे गाईच्या पोटाचीही काळजी नाही. यशश्रीला ते आवर्जून गौरम्माला सांगायचं होतं.

पण दुसऱ्या दिवशी गौरम्मा आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून. मुलगी होसूरला असते, तिच्या लेकीचं बाळंतपण होतं. "हत्तु दिवस," तिने दोन्ही हातांची बोटं दाखवली. ईशानला अंघोळ घातली, टाळूवर तेल जिरवलं, त्याच्या तळपायाला गाल लावला. निघताना कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "आल्यावर मी करते."

"सरी," यशश्री म्हणाली.

*

दहाचे पंधरा दिवस झाले. गौरम्माचा पत्ता नव्हता. पाऊस रोज संध्याकाळी यायचा.

पेट्रोलच्या यंत्राने चार सकाळींत सगळं आवार उघडं केलं. भगवंतराव बाटलीत पेट्रोल आणि ऑइल मापून घालायचे, दोरी ओढून ते सुरू करायचे, आणि मग तासभर भिंती थरथरायच्या. घामाला, पडद्यांना, ईशानच्या दुपट्यांना पेट्रोलचा वास यायला लागला. पण जमीन दिसायला लागली. आर्या मागच्या दारी पुन्हा खेळायला लागली. उरला तो फक्त कोपरा. सगळीकडे भादरल्यावर ते एवढंच रान आणखी उंच वाटायचं, यशश्रीच्या खांद्याला लागेल इतकं.

महिना संपायला तीन दिवस उरले तेव्हा उमाकांतांनी तारेवरून हाक मारली. त्यांच्या हातातल्या काठीवर सापाची कात होती, हातभर. "तुमच्या त्या कोपऱ्याच्या तोंडाशीच मिळाली," ते म्हणाले.

त्या रात्री यशश्रीला झोप लागली नाही. सकाळी चहा देताना ती म्हणाली, "अण्णा, कोपराही घेऊन टाका."

"गौरम्माचा?"

"तिचं गवत मी बांधून ठेवते. गाई सध्या तिची सून बघते, तिला नेऊ दे. नाहीतरी तिचा गुडघा. ती आली की सांगू, आता वाकायचं नाही, कापून भारा बांधून आम्ही ठेवू, तू नुसती न्यायला ये. म्हणजे पगाराचंही नाव नाही आणि तिचं येणंही राहील."

हे सुचलं तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं. गौरम्मा पदर तोंडाला लावून कशी हसेल, तेसुद्धा तिने मनात पाहिलं होतं.

यंत्र कोपऱ्यात शिरलं आणि थोड्याच वेळात खण्ण आवाज झाला. ठिणगी उडाली. भगवंतरावांच्या नडगीला कपची लागून रक्त आलं. त्यांनी यंत्र बंद केलं आणि गवत बाजूला सारलं. तीन दगड, ओळीने नाही, चुलीसारखे. आणि त्यांच्यामध्ये जमिनीत निम्मा रुतलेला एक काळा, सपाट, पाटाएवढा दगड. त्याचा एक कोपरा पात्याने उडाला होता.

"काँट्रॅक्टर लोक," ते रक्त पुसत म्हणाले. "उरलेला माल आणून टाकतात कुठेही. उद्या आर्या अडखळली म्हणजे?"

तिन्ही दगड त्यांनी रस्त्याकडेच्या राडारोड्यात नेऊन टाकले. सपाट दगड हलेना. मग पहार आणली. पहार मऊ मातीत वीतभर सहज आत गेली, आणि दगड चिखल सोडत वर आला.

"काय गुळगुळीत आहे बघ," ते खुशीत म्हणाले. "नदीतला दिसतो. गौरम्मा ओल्या जमिनीवर पाय पसरून बसते, तिला चौरंग होईल हा."

त्यांनी तो ब्रशने घासला, नळापाशी वाळू पसरून पाण्याची पातळी बघून बसवला, जराही डगमगणार नाही असा. यशश्रीने कोपऱ्यातल्या खड्ड्यात दोन घमेली लाल माती टाकली. भगवंतरावांनी दंताळ्याने सपाट केली. मग तिने ईशानला कडेवर घेतलं आणि अनवाणी पायांनी, टाचा रोवून, माती दाबत गेली. आर्याही नाचली. गार, मऊ माती बोटांमधून वर येत होती. फार दिवसांनी यशश्री हसली.

*

गौरम्मा गुरुवारी आली. वाळली होती, पण चेहऱ्यावर आनंद होता; पणतू झाला होता. कनवटीच्या पुडीतून तिने काळा दोरा काढला, होसूरच्या कुठल्या देवळातला, आणि पायरीवर बसूनच ईशानच्या मनगटात बांधला. ईशानने तिची नथ पकडली.

"पाणी तापलंय," यशश्री म्हणाली, आणि ईशानला नळाजवळच्या दुपट्यावर ठेवून, एका हातात तेलाची वाटी घेऊन, दुसऱ्याने गौरम्माचा हात धरून तिला नळाकडे घेऊन गेली. "कूतुको. बसा. तुमच्यासाठी."

गौरम्मा बसायला वाकली. एक हात गुडघ्यावर, दुसरा दगडावर टेकवायला पुढे झालेला. तिथेच ती थांबली. यशश्रीला वाटलं, गुडघा अडकला. ती आधार द्यायला पुढे झाली तर गौरम्माचं अंग दगडासारखं ताठ लागलं. दगडाच्या तुटलेल्या कोपऱ्यावर तिने बोट ठेवलं. बोट हलवलं नाही.

मग तिने मान वळवून मागे पाहिलं. तारेपर्यंत लाल, सपाट जमीन होती.

भगवंतराव दारातून कौतुक ऐकायला येत होते. गौरम्मा त्यांना काहीतरी म्हणाली, अगदी हळू, एकच वाक्य. भगवंतरावांनी दाराची चौकट धरली.

"काय म्हणाल्या?" यशश्रीने विचारलं.

त्यांची नजर नळापाशी बसवलेल्या दगडावर गेली.

"अण्णा, काय म्हणाल्या?"

"तिचं मूल आहे तिथे," भगवंतराव म्हणाले. "कोपऱ्यात. पहिलं. आठ महिन्यांचं होऊन तापाने गेलं. लहान मुलांना जाळत नाहीत यांच्यात, शेताच्या कडेला पुरतात. हा दगड तिच्या नवऱ्याने तळ्यावरून डोक्यावर आणला होता. कोल्ही उकरतात म्हणून."

यशश्रीच्या हातून तेलाची वाटी पडली नाही; ती तिने नीट खाली ठेवली. एवढंच तिला नंतर आठवत होतं, की वाटी आपण किती नीट ठेवली. तिच्या टाचांना गार माती लागत होती. खाली पाहिलं तर ती कोरड्या फरशीवर उभी होती. आणि छाती भरून आली, ईशान तर रडतही नव्हता. ब्लाउज दोन्हीकडे भिजत गेला आणि तिला पदर ओढायचंही भान राहिलं नाही.

"मला का नाही सांगितलं?" तिला कानडी सापडेना. "अण्णा, विचारा ना. मला का नाही सांगितलं त्यांनी? मी कुणाला हात लावू दिला नसता. मीच म्हणाले पेट्रोलचं आणा. मीच म्हणाले कोपरा घ्या."

भगवंतरावांनी विचारलं. गौरम्मा अजून दगडाकडेच बघत होती. उत्तर देताना तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"म्हणते," भगवंतराव म्हणाले, "सांगितलं असतं तर तू तुझं बाळ माझ्या हातात दिलं असतंस का?"

यशश्रीने तोंड उघडलं. हो, दिलं असतं, असं तिला म्हणायचं होतं. पण तिसऱ्या आठवड्यातली ती सकाळ तिला आठवली, आणि ती खोटं बोलू शकली नाही.

गौरम्मा उठली. ईशानला तिने उचलून यशश्रीकडे दिलं, दोन्ही हातांनी, दिवा द्यावा तसं. मग ती आवार ओलांडून कोपऱ्याकडे चालायला लागली. भगवंतराव मागून गेले.

"कुठे होतं?" तिने विचारलं. हे यशश्रीलाही कळलं. "यल्लि?"

भगवंतरावांनी हात उचलला. "इथे," ते म्हणाले. मग दोन पावलं डावीकडे सरकले. "इथे असेल. तारेपासून... थांब." ते तारेपर्यंत गेले आणि पावलं मोजत परत आले, पुन्हा गेले. दुसऱ्यांदा ते भलतीकडेच येऊन थांबले. त्या जागी गवताचं एक पातं, मातीचा एक उंचवटा राहिला नव्हता. त्यांनीच पाण्याची पातळी बघावी तसं सगळं एकसारखं केलं होतं. पाऊस चार वेळा वरून पडून गेला होता.

"मी बघून ठेवलं नाही," ते म्हणाले. कानडीत म्हणाले की मराठीत, त्यांचं त्यांना कळलं नसावं. "गौरम्मा, मी नेमकं एवढंच बघून ठेवलं नाही."

गौरम्मा खाली बसली. एक हात मातीवर पसरला. थोडं पुढे सरकली, पुन्हा पसरला. म्हशीचं पोट चाचपावं तशी ती त्या जमिनीवरून हात फिरवत गेली, तारेपासून मधोमधपर्यंत, दुखरा गुडघा ओढत. चाळीस वर्षं जी जागा तिला अंधारातसुद्धा सापडली असती, ती तिच्या हाताला लागेना. तिच्या ठेवणीतल्या लुगड्याला लाल माती लागत गेली.

यशश्री फरशीवरून खाली उतरली होती, पण मातीच्या कडेला येऊन थांबली. पुढे पाय टाकवेना.

बऱ्याच वेळाने गौरम्मा तारेच्या आधाराने उभी राहिली. हात झटकायला वर केले आणि न झटकताच खाली सोडले. माती तशीच तळव्यांवर राहिली. फटीतून ती पलीकडे गेली.

"नाळे?" यशश्रीने हाक दिली. उद्या, एवढा एकच शब्द तिला आठवला. "नाळे, गौरम्मा?"

गौरम्मा थांबली. "कापायला आता काय ठेवलंय, अम्मा," ती तारेपलीकडून म्हणाली. भगवंतरावांनी ते मराठीत सांगितलं नाही, पण यशश्रीला समजलं. मग एरंडाच्या झुडपांमागे तिचा पदर दिसेनासा झाला.

भगवंतराव भिंतीला टेकून खाली बसले. नडगीवरची खपली सुटून रक्त आलं होतं, त्यांचं लक्ष नव्हतं. ईशान मनगटातला दोरा तोंडात घालायचा प्रयत्न करत होता.

तेव्हा यशश्रीला आर्या दिसली. या सगळ्यात ती कधी गौरम्माच्या मागे गेली कुणी पाहिलं नव्हतं. सपाट मातीच्या बरोबर मध्ये ती उभी होती, एका पायावर, दुसरा पाय वर धरलेला, दोन्ही हात तोल सांभाळायला पसरलेले. तिने सगळं ऐकलं होतं. वरचा पाय थरथरत होता. ती इकडे पाहायची, मग खाली पाहायची.

"आर्या, ये," यशश्री म्हणाली.

आर्या हलली नाही. तिचे ओठ वाकडे व्हायला लागले होते.

"आई," ती म्हणाली, "मी पाय कुठे ठेवू?"